दादाचा बलोगन बाजार

आर्वीच्या कोष्टीपुऱ्यात आमचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यातली मोठी खोली मागाची. आम्ही माणसं उरलेल्या जागेत राहत होतो. माग जमिनीत खड्डा करून बसवलेला होता. बाबा त्या खड्ड्यात पाय सोडून बसले की कमरेपासून वरचेच दिसायचे, आणि लहानपणी माझी अशी समजूत होती की बाबा अर्धे जमिनीतून उगवलेले आहेत. धोटा इकडून तिकडे धावला की खट्, फणी आपटली की धप्. त्या खट्-धपवर आम्ही उठायचो, जेवायचो, भांडायचो. पाहुणे म्हणायचे, "काय बाप्पा, तुमच्या घरी माणसाले बोलताच येत नाई," आणि ते कशाबद्दल बोलताहेत हे आम्हाला पटकन कळायचं नाही. आवाज थांबला म्हणजे मात्र माय चुलीपुढून ओरडायची, "काय झालं?" काही झालेलं नसायचं. सूत तुटलेलं असायचं, नाहीतर बाबांना पाणी हवं असायचं.

कुसुमताई आणि मी शाळेतून आलो की कांड्या भरायला बसायचो. चरख्यावर सूत गुंडाळून धोट्यात बसवायच्या त्या कांड्या. एक लुगडं निघेपर्यंत त्या किती लागत ते मला आज सांगता येणार नाही, पण माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर सुताची जी बारीक खाच पडली ती शिक्षिकेची सगळी नोकरी होऊन गेली तरी बुजलेली नाही. सुताला लावायची खळ आणि भाताची पेज एकाच चुलीवर शिजायची, एकाच वासाची. बाजाराच्या दिवशी माय बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे तळायची. भिजवलेली बरबटी पाट्यावर जाडीभरडी वाटायची, त्यात लसूण, हिरवी मिरची, थोडा सांभार म्हणजे कोथिंबीर. घाणा निघाला की दादा दुकानातून नेमका त्याच वेळी यायचा आणि उभ्याउभ्याच वडा या हातातून त्या हातात उडवत फुंकरा मारत खायचा. "बस ना रे मनोहर, कोनी घेऊन पळून नाई राह्यलं," माय म्हणायची. दादा बसायचा नाही. त्याला सगळ्याच गोष्टी उभ्यानं करायची घाई होती.

मनोहरदादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो मागावर बसला नाही. बाबांनीच बसवलं नाही. मिलच्या कापडापुढे हातमागाचं लुगडं किती दिवस टिकणार हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. दादा मॅट्रिकपर्यंत शिकला आणि बाजारातल्या एका सिंधी शेठजींच्या कापडदुकानात लागला. हे शेठजी फाळणीनंतर आर्वीत आलेले. आधी खांद्यावर गठ्ठा टाकून दारोदार कापड विकायचे, मग त्यांनी दुकान घातलं. दादाच्या हातात एक विद्या होती, ती त्याला मागाजवळ वाढल्यामुळेच आलेली. डोळे मिटून कापड चिमटीत धरलं की सूत कोणत्या नंबरचं, खळ किती, रंग धुण्यात जाईल की राहील, हे तो सांगायचा. शेठजींचा धाकटा भाऊ आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लेगॉस नावाच्या शहरात दुकान चालवत होता. त्याला असा माणूस हवा होता. शेठजी स्वतः आमच्या घरी आले, मागाच्या खोलीत खाली बसले आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, उंगलियाँ मेरे भाई के पास भी हैं, लेकिन ऐसी नहीं. तीन साल के लिए दे दो."

माय म्हणाली, "तीन साल म्हंजे किती दूर?"

तिचा हा प्रश्न आम्ही पुढे कितीतरी दिवस हसून हसून एकमेकांना सांगत होतो. आता तो मला इतका बरोबर वाटतो की हसू येत नाही.

पुलगावच्या छोट्या गाडीत आम्ही दादाला बसवलं. ती गाडी इतकी हळू जायची की ताई आणि मी फलाटाच्या टोकापर्यंत तिच्याबरोबर चालत गेलो, धावावं लागलं नाही. खिडकीतून दादा मला म्हणाला, "विमल, पत्र तूच वाचजो घरच्याइले. अन् तूच लिहजो. तुह्यं अक्षर चांगलं हाय." मला केवढा अभिमान वाटला. तेव्हा मी दहा वर्षांची असेन.

दादाची पत्रं महिन्या-दीड महिन्यानं यायची. निळ्या पातळ कागदावर, दोन्ही बाजूंनी भरगच्च. पत्र आलं की बाबा माग थांबवायचे. तेवढ्यासाठीच माग थांबायचा. माय दारात बसायची, ताई चरख्याशी, आणि मी मधोमध उभी राहून शाळेत धडा वाचतात तशी वाचायची. शेठजींच्या भावाचं दुकान बलोगन नावाच्या बाजारात होतं. हा बलोगन म्हणजे त्या लोकांच्या भाषेत सेनापती, असं दादानं लिहिलं होतं. बाजार एका बेटावर. एका अंगाला खाडी, तिच्यात मोठमोठ्या बोटी, आणि खाडीपासून आत शिरलं की गल्ल्यांमागून गल्ल्या नुसत्या कापडाच्या. "आपला आर्वीचा आठवडी बाजार असा रोज भरतो आणि असे पन्नास बाजार एकाला एक शिवले आहेत असं समजा," त्यानं लिहिलं होतं. "इथे अजून इंग्रजाचं राज्य आहे. पण बाजारात इंग्रजाचं चालत नाही. बाजारात बायांचं चालतं."

हे वाक्य मायनं मला तीनदा वाचायला लावलं. दादानं मग पुढच्या पत्रात सविस्तर लिहिलं. गोऱ्यांच्या मोठ्या कंपन्या बोटीतून कापडाचे गठ्ठे उतरवतात, पण ते विकायचे या बायांनी. कुठला छाप चालेल, कुठला पडून राहील, ते त्याच ठरवतात. एकेका गल्लीची एक मुख्य बाई असते, तिला सगळ्या 'इया' म्हणजे आई म्हणतात, आणि तिनं भांडण तोडलं की कोर्टात जायची सोय नाही. नवा छाप आला की बाया त्याला नाव ठेवतात. नाव ठेवल्याशिवाय कापड खपत नाही. एका निळ्या कापडाचं नाव होतं 'शेजारणीचे डोळे'. दुसऱ्या एकाचं 'सासूबाई, मी ऐकलं'. त्या दिवशी माय इतकी हसली की तिला ठसका लागला. मग आम्ही बाबांच्या मागावरच्या लुगड्यालाही नाव ठेवलं, 'मनोहरची वाट'. ते लुगडं बाबांनी लवकर विकलं नाही.

प्रत्येक पत्रात कापडाचा दोन बोटांएवढा तुकडा असायचा. तो आधी बाबांच्या हातात जायचा. ते चिमटीत धरायचे, उजेडाकडे करायचे, जिभेच्या टोकाला लावायचे. "मिलचं हाय. छपाई चांगली हाय." एकदा मात्र एक जाड, खरबरीत पट्टी आली, हाताच्या मागावर विणलेली. दादानं लिहिलं होतं की तिथले कोष्टी एवढ्याच रुंदीचं विणतात आणि मग पट्ट्या एकमेकींना शिवून मोठं वस्त्र करतात. बाबा ती पट्टी घेऊन दिवसभर बसले. "चार बोटं रुंद? चारच बोटं?" ते स्वतःशीच म्हणत होते. शेवटी मला म्हणाले, "लिह त्याले. म्हना, त्याइचा धोटा केवढा राह्यते ते लिह. खळ कायची लावते ते लिह." पुढे उत्तर आलं, खळ एका कंदाची करतात आणि तीच कापडावर लावून, निळीत बुडवून नक्षी काढतात. बाबांनी मान डोलावली. समुद्रापलीकडच्या त्या कोष्ट्यांची ते नंतर अशी चौकशी करायचे की जणू ते अमरावतीचे कुणी सोयरे आहेत.

दादा वाईटही लिहायचा. ज्या खाडीकाठी तो संध्याकाळी बसायचा तिथूनच पूर्वी माणसं बोटीत कोंबून गुलाम म्हणून विकायला नेत. त्यांच्यातल्या काहींची नातवंडं-पतवंडं सुटून परत आली आणि त्यांनी बेटावर सुंदर नक्षीची घरं बांधली. "घरं पाहिली की कळतं, परत येणारा माणूस जास्त जीव लावून बांधतो," हे त्याचं वाक्य. हिवाळ्यात वाळवंटाकडून कोरडा वारा येतो, आठ-आठ दिवस सूर्य तांबूस दिसतो, गठ्ठ्यांवर धूळ बसते, ओठ फुटतात. आणि सकाळी बाजाराच्या तोंडाशी बाया कढया मांडून बसतात आणि बरबटीचे वडे तळतात. "माय, खरं सांगतो, आपलीच बरबटी. फक्त लसूण नसते." मायनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "म्हंजे उपाशी नाई मरत तो."

शेजारच्या दुकानातली एक मुलगी दादाला त्यांचे आकडे शिकवत होती. ओकान, एजी, एता, एरीन, आरून. दादानं ते मला लिहून पाठवले आणि मी कांड्या त्याच आकड्यांनी मोजायला लागले. ती शेजारची मुलगी पुढच्या पत्रात पुन्हा आली, त्याच्या पुढच्यातही. तिची आई त्या गल्लीतली इया होती. मुलगी हिशेबाला पक्की आहे, मुलगी हसते फार, मुलगी 'भाकर' हा शब्द शिकली. इतकं सगळं मी मोठ्यानं वाचत होते आणि आमच्यापैकी कुणालाच काही ऐकू आलं नाही. ताईला आलं असावं. ती एकदा म्हणाली होती, "दादा लई खुश दिसून राह्यला वं." बस, तेवढंच.

मागे माझ्या नातवानं मला मोबाईलवर तो बाजार काढून दाखवला. उंच उंच इमारती, त्यांच्या पायाशी कापडाचे डोंगर, रंगीत छत्र्या, माणसांचा पूर. मी बराच वेळ पाहत राहिले. तो म्हणाला, "आजी, काय शोधून राहिली?" मी मोबाईल त्याच्या हातात दिला.

तीन वर्षांची बोली संपली तरी दादा आला नाही. अजून एक वर्ष, म्हणाला. इकडे ताईचं लग्न ठरत आलं होतं. जमवणारा माझा मामा, मायचा थोरला भाऊ, कारंज्याला मोठ्या रस्त्यावर त्याचं दुकान होतं. मुलगा आष्टीचा, घर चांगलं, सासरे जातीत मानलेले आणि फार कडक. वैशाखातली तिथी धरून झाली होती आणि ती मी दादाला कळवलीही होती. देण्याघेण्याचं ठरवायला म्हणून मामा मुद्दाम आला होता आणि त्याच दुपारी पोस्टमननं निळं पत्र आणून दिलं. मी नेहमीसारखी मधोमध उभी राहिले आणि वाचायला लागले. तब्येत, हवा, सगळ्यांना नमस्कार. मग लिहिलं होतं, "बाबा, माय, मी तुम्हाला न विचारता एक गोष्ट केली आहे. मी लग्न केलं. मुलीचं नाव आबेके. तिच्याविषयी मी तुम्हाला लिहिलेलं आहे. तिच्या आईनं मला आधी सहा महिने तोलून पाहिलं आणि मग हो म्हटलं. आम्ही येऊ तेव्हा तुम्हीही तोलून पाहा."

मी थांबले. पुढे अजून पाच-सहा ओळी होत्या, त्या मी वाचल्याच नाहीत, कारण माय उठून उभी राहिली होती.

"तिथलीच हाय?" ती म्हणाली. "तिथलीच? काळी?"

आमची माय स्वतः तव्यासारखी काळी होती आणि त्यावरून तिच्या सासूनं तिला आयुष्यभर बोलून घेतलं होतं. पण हे मी तेव्हा मनात आणलं नाही. तिनंही आणलं नसावं.

मामा म्हणाला, "आष्टीले हे समजलं तं संपलं. पोरगी घरात राहीन. पुन्हा कोनी दारात उभं नाई राहनार." मग थोड्या वेळानं म्हणाला, "एकानं आपल्या हातानं आग लावली, म्हून दुसरीचा संसार जाळते काय? तोडून टाका. त्याले लिहून टाका अन् मोकळे व्हा. कोनी विचारलं तं सांगता येते, आमचा संबंध नाई."

ताई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिनं एवढंच म्हटलं, "माह्यासाठी नका लिहू काही." पण ती सतरा वर्षांची मुलगी, तिचं कोण ऐकणार. माय बाबांकडे वळली. बाबा खड्ड्यात बसलेले होते, हात मागावर, माग बंद. "तुमी बोला ना काही," माय म्हणाली. बाबा म्हणाले, "मले नाई जमत." याचा अर्थ काय, लिहायला जमत नाही की तोडायला, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी 'लिहू नका' असंही म्हटलं नाही. बाबांवर मी सगळ्यांत जास्त माया केली, पण ते एक वाक्य त्यांनी म्हणायला हवं होतं, हे मला आज लिहून ठेवलं पाहिजे.

मायनं मला कागद घ्यायला लावला. ती उभ्यानंच सांगत गेली आणि मी लिहीत गेले. "आमचा पोरगा बोटीत बसला त्याच दिवशी बुडाला असं आमी समजतो. तुह्या नावानं आंघोळ केली. आता इकडं पत्र धाडू नको. येऊ नको. आमाले तोंड दाखवू नको." मी तिची बोली शुद्ध करून लिहीत होते, जशी नेहमी लिहायची. 'धाडू'च्या जागी 'पाठवू' केलं. मला दादाचा राग आला होता. त्यानं मला आधी सांगितलं नाही, मला, जी त्याची सगळी पत्रं वाचते. त्या रागानं माझं अक्षर त्या दिवशी फारच सुंदर आलं.

मग माय जरा थांबली. तिचा आवाज एकदम खाली आला. म्हणाली, "अन् लिह, तब्येतीले जपजो म्हना. टायमावर जेवत जाजो."

मामा म्हणाला, "मंग काय उपेग झाला? एकीकडून तोडतं अन् एकीकडून जेव म्हनतं. ते नको लिहू वं पोरी."

मी टाक हातात धरून मायकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती चुलीकडे बघत होती. मी वाट पाहिली, मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं असेल. आणि मग ते वाक्य न लिहिता मी कागदाची घडी केली. मी तेरा वर्षांची होते, मामा मोठा माणूस होता, हे सगळं खरं आहे. पण टाक माझ्या हातात होता. एक ओळ लिहायला किती वेळ लागतो? मामाला वाचता येत होतं, पण त्यानं पत्र वाचून पाहायला मागितलंच नाही. मी लिहिली असती तर कुणालाही कळलं नसतं, फक्त दादाला कळलं असतं.

त्यानंतर मायनं अंगणात बसून डोक्यावरून दोन घागरी पाणी घेतलं, लुगड्यासकट. उन्हाळा लागलेला, पाणी कोमट. बोलण्यात आणि पत्रात जे म्हटलं ते तिनं खरोखर केलं. शेजारणीनं कुंपणावरून विचारलं, "काय झालं वं?" माय म्हणाली, "ऊन लागून राह्यलं."

वैशाखात ताईचं लग्न छान झालं. सगळे म्हणाले. पंगतीला कमी पडलं नाही, आष्टीचे लोक रुसले नाहीत. दादाविषयी ज्यांनी विचारलं त्यांना मामानं सांगितलं की परदेशात आहे, बोट मिळाली नाही. बाबांनी ताईसाठी स्वतः विणलेलं लुगडं दिलं, त्यांच्या हातचं शेवटचं चांगलं लुगडं. पाठवणीच्या वेळी ताई माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "दादाले लिहलं ते तूच लिहलं ना?" मी हो म्हटलं. तिनं मिठी सोडली नाही, पण त्यानंतर ती रडायची थांबली आणि नुसती उभी राहिली. चार वर्षांनी तिच्या सासऱ्यांना कुठून तरी दादाच्या लग्नाचं कळलं. सासरे म्हणाले, "असं हाय काय? मंग आमच्याही एका पोराले तिकडं लावून द्या लागत होतं."

लग्नाला दीड महिना झाला असेल. पावसाची झड लागली होती आणि पोस्टमन गोणपाटात शिवलेलं एक पार्सल डोक्यावर धरून आला. बोटीनं आलेलं, ठिकठिकाणी शिक्के. बाबांनी सूत कापायच्या चाकूनं शिवण उसवली, एकेक टाका, कापड फाटू न देता. आत कापडाचे सहा तुकडे होते, सगळे एकाच छापाचे. गर्द निळ्यावर पिवळी पाखरं. प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली, दादाच्या अक्षरात. बाबा. माय. कुसुम. जावईबापू. विमल. मामा.

मामालाही.

खाली पत्र होतं. पार्सल निघालं तेव्हा आमचं पत्र त्याला पोचलेलं नव्हतं. विमानाचं पत्र आधी पोचतं आणि बोटीचं पार्सल महिनोन्‌महिने समुद्रात असतं. आमच्या पत्राला आपल्याआधी पोचू देऊन ही पाखरं पाण्यावरून सावकाश येत होती. त्यानं लिहिलं होतं, "माझ्यावर रागावला असाल म्हणून उत्तर आलं नाही, हे मला समजतं. कुसुमच्या लग्नाला मला येता येत नाही. इकडे अशी रीत आहे की लग्नात घरच्या सगळ्या माणसांनी एकाच कापडाचे कपडे घालायचे. कितीही गर्दी असो, दुरून पाहिलं तरी कळलं पाहिजे की ही एका घरची माणसं. हा छाप आबेकेनं निवडला. आम्हीही दोघांनी त्याचेच शिवून घेतले आहेत. वैशाखात लग्नाच्या दिवशी आम्ही ते घालून बसू. आबेकेला दिवस गेले आहेत. पावसाळा सरताना होईल, असं तिची आई म्हणते."

मी वाचून संपवलं. बाहेर पन्हाळीचं पाणी पडत होतं. लग्नाच्या दिवसापर्यंत आमचं पत्र त्याच्या हातात पडून महिना उलटून गेला असणार. मग त्या दिवशी त्यानं ते कपडे घातले असतील का? की आबेकेनं एकटीनंच घातले असतील? की त्यानं घातले नाहीत हे पाहून तीही काही न विचारता आपले बदलून आली असेल? मी आता ऐंशी ओलांडली आहे आणि हा प्रश्न मला अजून पडतो, भाजी निवडताना, देवळाच्या पायरीवर, कुठेही.

बाबांनी आपल्या नावाचं कापड चिमटीत धरलं नाही, उजेडाकडे केलं नाही. घडी न मोडता मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "विमल, कागद घे." माय तिथेच होती. बाबांनी सांगितलं आणि मी लिहिलं, या वेळी त्यांच्याच बोलीत, एक अक्षर न बदलता. "मनोहर, झालं ते चुकलं. कापड भेटलं. चांगलं हाय. दोघंही या. बाळतपन झाल्यावर तिघं या. तुहा बाप." आणि खाली, कुणी सांगितलं नसताना, मी लिहिलं की तब्येतीला जप, वेळेवर जेवत जा.

ते पत्र दिवाळीच्या आधी परत आलं. पाकिटावर इंग्रजीत शिक्का होता. बाबांनी विचारलं, "काय लिहलं हाय?"

मी म्हटलं, "हा मानूस इथं राहत नाई."

"मंग कुठं राह्यते?" बाबा म्हणाले.

शेवटी बाबा शेठजींकडे गेले, आणि शेठजींनी भावाला विचारून घेतलं. उत्तर यायला थंडी पडली. ते सांगायला शेठजी स्वतः आमच्या घरी आले, पहिल्यांदा आले होते तसेच, आणि तिथेच बसले. मायनं पाणी दिलं. त्यांनी हिंदीत सांगितलं ते असं, "भाऊ, तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी मनोहरनं काम पूर्ण केलं. संध्याकाळी दुकानाची चावी माझ्या भावाच्या हातात दिली. म्हणाला, शेठ, उद्यापासून नाही. बस. नंतर दोघं वर उत्तरेच्या कुठल्या शहरात गेले. बाळतपणाला पोरगी आईकडे आली होती, मग पुन्हा गेली. कुठं गेली, त्या आईला माहीत आहे. माझा भाऊ तिच्या दुकानात जाऊन उभा राहिला. पत्ता विचारला." त्यांनी पेला खाली ठेवला. "ती म्हणाली, त्याच्या घरच्यांनी तो मेला असं लिहिलं आहे ना? माझ्या पोरीनं मला सांगितलं, त्यानंच तिला पत्राचा अर्थ सांगितला. मेलेल्याचा पत्ता मला काय विचारता? जिवंत आहे तो माझा मुलगा आहे. त्याचा पत्ता मी देत नाही."

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं आता माय त्या बाईला काहीतरी बोलेल. मायच्या तोंडी लागायची सोय नव्हती, सगळा कोष्टीपुरा तिला ओळखून होता. पण माय म्हणाली, "बराबर बोलली ते."

मग ती शेठजींच्या समोर खाली बसली. पदर सारखा केला. विचारलं, "काय झालं पोरीले?"

"बेटी हुई, बहन."

"दोघी चांगल्या हाय?"

"अच्छी हैं. भाई ने देखा है, गोद में लिया था."

माय थोडा वेळ जमिनीवरचा सुताचा गुंता बोटानं सोडवत राहिली. मग वर न पाहता म्हणाली, "कोनावर गेली हाय?"

शेठजींनी खिशातून पत्र काढलं, चष्मा लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा वाचून पाहिलं. आम्ही तिघंही त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी पत्राची घडी केली आणि हळू आवाजात म्हणाले, "वो भाई ने नहीं लिखा, बहन."